दिवाळखोर कंपनीवर बसवलेला माणूस नक्की कोणाचा?

बर्फवाला_रत्नागिरी
आमच्याकडच्या एका मासळी कंपनीला मी सहा वर्षं बर्फ पुरवला. कंपनी दिवाळखोरीत गेली, मुंबईच्या एनसीएलटीने, म्हणजे कंपन्यांचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने, केस घेतली, संचालक बाजूला झाले आणि कारभार आला आरपीकडे, म्हणजे रिझोल्युशन प्रोफेशनलकडे. मी माझ्या थकबाकीच्या दाव्याचा फॉर्म बी भरला, बिलं जोडली, तरी पावणेदोन लाख कापले, का तर लाद्यांच्या पावत्यांवर सह्या नाहीत. आता पहाटे तीनला मिरकरवाडा बंदरावर होडी लागलेली असताना सही घेत कोण बसतं?

त्या माणसावर राग नाही माझा, पद्धतीवर आहे. बँकेने अर्ज केला की आरपीचं नाव बँकच सुचवते. मग सीओसीत, म्हणजे कर्ज देणाऱ्यांच्या समितीत, ६६ टक्के मतं पडली की त्याला कायम करतात नाहीतर बदलतात, फीसुद्धा तिथेच ठरते. आणि तिथे बर्फवाल्याला, ट्रकवाल्याला मत नाही. ज्यांच्या हातात फी आणि काढून टाकणं दोन्ही, त्यांच्या मनाविरुद्ध तो जाईल कसा?

चिपळूणचा_सीए
दादा, अजिबात पटत नाही. बँकेचा पैसा म्हणजे ठेवीदारांचा पैसा, सगळ्यात जास्त बुडालाय तोच, मग माणूस त्यांनी निवडला तर चुकलं काय? आरपी काही जज नाही, स्विस रिबन्स कंपनीच्या केसच्या निकालात सुप्रीम कोर्टाने २०१९ लाच सांगितलंय की त्याचे अधिकार प्रशासकीय आहेत, निवाडा करायचे नाहीत. क्लेम कापला तर एनसीएलटीत जा. तो स्वतंत्र हवा तो प्रमोटरपासून, म्हणजे कंपनीच्या मालकापासून. २०१६ चा दिवाळखोरी कायदा यायच्या आधी कारखाना आजारी दाखवून बीआयएफआरच्या, म्हणजे आजारी कंपन्यांसाठीच्या सरकारी मंडळाच्या, आडोशाला वर्षानुवर्षं बसलेले मालक विसरलात का?

लोटेतला_कामगार
आमचा आरपी बँकेनेच आणलेला पण पहिल्या आठवड्यात गेटवरचे वॉचमन बदलले आणि मालकाच्या माणसांच्या गाड्या बाहेर जायच्या त्या थांबवल्या. कामगारांच्या दाव्याचा फॉर्म डी पण स्वतः समजावून सांगितला. माणूस चांगला होता.

बर्फवाला_रत्नागिरी
चांगला मिळाला ते तुमचं नशीब, पण कायदा नशिबावर सोडायचा का? एसबीआयने एका केसमध्ये आपल्याच पेन्शन घेणाऱ्या माजी अधिकाऱ्याचं नाव दिलं होतं, कंपनीने हरकत घेतली, आणि २०२० मध्ये एनसीएलएटीने, म्हणजे एनसीएलटीच्या वरच्या अपील न्यायाधिकरणाने, ती मान्य केली, पक्षपाताची रास्त भीती वाटली तरी पुरे म्हणून. माझ्यासारख्या ऑपरेशनल क्रेडिटरने, म्हणजे माल पुरवून पैसे अडकलेल्याने, अर्ज करताना नाव दिलं नाही तर ते आयबीबीआयकडून, म्हणजे दिवाळखोरीच्या कामावर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाकडून मागवतात. तसंच बँकेच्या केसमध्ये करा ना. आणि आरपी काढायचा असेल तर कारण लेखी द्या.

चिपळूणचा_सीए
नाव आयबीबीआयकडून येऊ दे, त्याला माझी ना नाही. पण कारण लेखी मागितलंत की त्या कारणावरच भांडण कोर्टात जाणार. आधीच केस संपवायची ३३० दिवसांची मुदत पाळली जात नाही. खाऱ्या हवेत बंद पडलेलं कोल्ड स्टोरेज वर्षभरात भंगाराच्या भावाला येतं, मग तुम्हालाच काय मिळणार?

लोटेतला_कामगार
साहेब ते बरोबर, पण प्लांट बंद करायचं मुंबईत ठरलं आणि आम्हाला ते नोटीस बोर्डावर वाचायला मिळालं. आरपी म्हणाला समितीचा निर्णय आहे, मी काय करू. तेव्हा मात्र वाटलं की हा आमचा कोणीच नाही.

बर्फवाला_रत्नागिरी
सीए साहेब, एनसीएलटीत जा म्हणता, वकिलाची फी आणि मुंबईच्या फेऱ्या धरल्या तर पावणेदोन लाखातलं हातात उरणार काय? माझा कागद पहिल्यांदा बघणारा माणूस तोच आणि शेवटचाही तोच, म्हणून तो कोणाच्या मुठीत नको म्हणतोय.