३० टक्क्यांचा कागद फेकू नका
"३० टक्के अपंगत्वाला मिळून मिळून काय मिळणार?" असं सैनिकांच्या अपंगत्व पेन्शनबद्दल एका दादांनी विचारलंय. आमचे बाबा माजी सैनिक, त्यांच्या अपंगत्वाचा कागदही ३० टक्क्यांचाच. देवगडच्या घरी ट्रंकेत वर्षानुवर्षं पडून होता. पण २० ते ४९ टक्के असतील तर पेन्शनसाठी ५० धरतात, आणि सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या राम अवतार निकालानंतर पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही हे मिळतं. अपंगत्व सेवेमुळे आलं किंवा वाढलं, हे मात्र मान्य झालेलं हवं. घोडं अडतं ते तिथेच! (सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांचे नियम वेगळे.) पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि मेडिकल बोर्डाचा कागद घेऊन आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) रेफरलचं, म्हणजे मोठ्या दवाखान्यात पाठवायच्या चिठ्ठीचं, दुखणं निराळंच. गुडघा दाखवायला बाबा गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूरला गेले, तर तिथे म्हणे रेफरलची मुदत कालच संपली.