प्रेअरीतली पडकी घरं : राखायची की पडू द्यायची?

कॅनडाच्या प्रेअरीत, म्हणजे गवताळ माळांच्या मुलखात, सस्कॅचेवन प्रांतातल्या रेजायना शहराच्या दक्षिणेला गेल्या जूनमध्ये एका पडक्या घराशी थांबलो. छप्पर आत बसलेलं, भिंतीवरच्या कागदाचे तीन थर सुटून लोंबत होते. दाराशी लायलॅकचं फुलझाड मात्र भरभरून फुललेलं. कुणीतरी लांबून पाणी आणून जगवलं असणार. पाय निघेना.

कॅनडाच्या १८७२ च्या कायद्याने इथे वस्तीला येणाऱ्याला १० डॉलर भरले की १६० एकर मिळत (याला होमस्टेड म्हणत). तीन वर्षं राहायचं, जमीन फोडायची, घर बांधायचं. १९३० च्या दशकात दुष्काळ आणि धुळीने अनेकांना उठवलं. घोडागाडीने दिवसात जाऊन यावं एवढ्या अंतरावर धान्याची लाकडी एलेव्हेटरं, म्हणजे रेल्वेलगतची उंच कोठारं, होती. पुढे ट्रक आले, रेल्वेचे फाटे बंद झाले, एलेव्हेटर गेलं की मागोमाग दुकान, शाळा, पोस्ट. शेजारच्या मॅनिटोबा प्रांतात इंग्लिस गावी पाच एलेव्हेटरं रांगेत राखली आहेत. तसं दर तालुक्याएवढ्या भागात निदान एक घर सरकारने राखावं.

प्रतिसाद १
मला पटत नाही. तो माळ रिकामा नव्हताच. तिथल्या मूळच्या क्री आणि सोटो लोकांनी सरकारशी केलेल्या १८७४ च्या ‘चौथ्या करारा’नंतर पाच-सहा वर्षांतच बायसन (ते ज्यांच्यावर जगत ते रानगवे) संपले, त्या लोकांची उपासमार झाली. १८८५ पासून राखीव वस्तीबाहेर पडायला त्यांना पास लागे. त्यांच्या उठलेल्या बहुतेक तळांवर साधी पाटीही नाही, आणि आपण लायलॅकसाठी हळहळायचं?

प्रतिसाद २
माझा मुद्दा वेगळा. ही घरं कुणाच्या तरी चालू शेतात आहेत. आत कुजलेल्या लाकडी फरश्या, बाहेर उघड्या विहिरी. पोर पडलं तर जबाबदार कोण? लाकूड पडू द्या. ऐंशी-नव्वदीतली माणसं आहेत तोवर त्यांना बोलतं करा.

धागाकर्ता
प्रतिसाद १, तुमचं खरं आहे. पाटी लावायची तर कराराच्या आधीपासून लिहायला हवी, हे माझ्या लेखात राहिलं.

प्रतिसाद २, अमेरिकेत कॅन्सस राज्यातलं निकोडेमस गाव बघा. केंटकीतल्या गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी १८७७ मध्ये वसवलं. १८८८ मध्ये रेल्वे गावाला टाळून गेली, गाव रोडावलं. तरी दर जुलैत वंशज जमतात. जुन्या इमारतीच नसत्या तर कशासाठी आले असते?

प्रतिसाद २
उलट आहे. माणसं येत राहिली, म्हणून इमारती टिकल्या. तुमच्या त्या घराचे वारस आधी शोधा. सेक्शन, टाउनशिप, रेंज हे जमिनीच्या मोजणीतले आकडे कळले तरी प्रांताच्या अभिलेखागारात होमस्टेडची फाइल सापडते. नाव तिथे मिळेल.