सांध्याच्या इंजेक्शनआधी टीबीची तपासणी कशासाठी? (आईचा आमवात)

मेघना_सांगली

आईचं वय ६४. बरीच वर्षं आमवात आहे, डॉक्टर ज्याला आरए म्हणतात तो. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड, अगदीच लागलं तर दुखण्याची गोळी, असं चालू आहे. यंदा पावसाळ्यापासून दोन्ही मनगटं आणि बोटांची मधली पेरं सुजलेलीच असतात. सकाळी दहापर्यंत मूठ वळत नाही. शाळूची भाकरी थापणं बंद झालंय, आणि ते तिला दुखण्यापेक्षा जास्त लागलंय. रक्तातली सूज दाखवणारं सीआरपी ४८ आलं, हिमोग्लोबिन ९.२. लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन तिथंच आहे.

मिरजेतल्या संधिवात तज्ज्ञांनी आता अडालिमुमॅब सुचवलंय. दर पंधरा दिवसांनी एक, पोटावर किंवा मांडीत. टीएनएफ नावाचं सायटोकाइन ते अडवतं, असं त्यांनी सांगितलं. पण त्याआधी छातीचा एक्स-रे, टीबीसाठी इग्रा नावाची रक्त तपासणी, आणि बी व सी कावीळ, एवढ्या तपासण्या लिहून दिल्यात. आईला खोकला नाही, ताप नाही. दुखणं हाताचं आणि तपासणी छातीची, हे घरात कुणालाच उमजेना.

सायटोकाइन हा शब्द आम्ही कोरोनात ऐकला तो 'वादळ' म्हणूनच. म्हणजे ते वाईटच असणार. मग ते अडवल्यानं टीबी कसा काय येईल? मामांची सांगलीत हळदीची अडत आहे. त्यांचं म्हणणं, इंजेक्शनच्या भानगडीत पडू नका, कर्क्युमिनच्या कॅप्सूल हेच काम करतात.

आणखी एक. आई लहान असताना आजोबा, म्हणजे तिचे वडील, वानलेसवाडीच्या टीबी सॅनेटोरियममध्ये होते. इतकी जुनी गोष्ट डॉक्टरांना सांगण्यासारखी आहे का?

अजिंक्यतारा

मी साताऱ्याचा. मला मणक्याचा आजार आहे, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, आणि हेच इंजेक्शन घेतो. तपासण्या मलाही सांगितल्या होत्या, मुकाट्यानं करून घ्या. व्यवहारातलं तेवढं सांगतो. इंजेक्शन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवायचं, फ्रीझरमध्ये कधीच नाही. टोचण्याआधी बाहेर काढून अर्धा तास राहू द्या, म्हणजे कमी झोंबतं. सांगलीहून कुठं नेणार असाल तर बर्फाच्या पिशवीचा डबा घ्या, पण पेन बर्फाला थेट टेकू देऊ नका. आणि ताप आला, लघवीला जळजळ झाली, दाताला पू झाला, काहीही संसर्ग वाटला तर पुढचा डोस टोचण्याआधी डॉक्टरांना फोन. मी हा नियम कधी मोडत नाही.

निवृत्त_लॅब_मिरज

मेघनाताई, आजोबांची गोष्ट आजच फोन करून डॉक्टरांच्या कानावर घाला. तुम्ही ती शेवटी लिहिलीत, पण तुमच्या सगळ्या मजकुरातली सगळ्यात महत्त्वाची बाब मला तीच वाटते. माझी नोकरी मिरजेत, प्रयोगशाळेत गेली. इग्राच्या नळ्या मी स्वतः लावल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सायटोकाइन म्हणजे लहानशी प्रथिनं. एक पेशी ती सोडते, दुसरीच्या पृष्ठभागावर ती जाऊन बसतात आणि दुसरी पेशी कामाला लागते. पायात काटा मोडला की तिथल्या महाभक्षी पेशी (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) जंतू ओळखतात आणि काही तासांत टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ आणि इंटरल्यूकिन-६ सोडतात. टीएनएफमुळे आसपासच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर चिकट आणि सैल होतं. वाहत्या पांढऱ्या पेशी तिथं अडकतात, अस्तरातून बाहेर पडतात, पाठोपाठ रक्तातलं पाणीही झिरपतं. आपण ज्याला सूज, लाली, ठणका म्हणतो ते हेच. मेंदूतल्या तापमानाच्या केंद्रापर्यंत खबर गेली की ताप चढतो. काटा निघाला, जंतू मेले, की इंटरल्यूकिन-१० सारखी दुसरी सायटोकाइन सगळ्यांना आवरतं घ्यायला लावतात. हे सगळं झालं नाही तर काट्याच्या जखमेनंही माणूस दगावेल. म्हणून त्यांना वाईट म्हणायला माझं मन घेत नाही.

आईच्या मनगटात जंतू नाही, तरी टीएनएफ सुटतंच आहे. सांध्याचं आतलं अस्तर जाड होतं, कूर्चा कुरतडली जाते, हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात. दुखण्याची गोळी फक्त प्रोस्टाग्लँडिन हा पुढचा टप्पा थांबवते. ठणका कमी होतो, पण हाडाची झीज मागे चालूच राहते. 'गोळीनं बरं वाटतंय, इंजेक्शन कशाला' असं म्हणत वर्षं घालवलेले आणि बोटं वाकडी होऊन आलेले पेशंट मी पाहिलेत, म्हणून कळकळीनं सांगते.

तुमचे दोन रिपोर्टही यातूनच वाचता येतात. इंटरल्यूकिन-६ यकृताशी पोचलं की यकृत सीआरपी बनवतं. सीआरपी म्हणजे सांगलीत आयर्विन पुलाखालची कृष्णेची पातळी समजा. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका हे आपल्याला तिथं कळतं, पण पाणी धरणातून सोडलेलं की पावसाचं ते पातळी सांगत नाही. ४८ आकडा आमवातानं येईल तसा न्यूमोनियानंही येईल, म्हणून डॉक्टर आधी हात दाबून सांधे बघतात.

हिमोग्लोबिनचं तर फार कमी लोकांना माहीत असतं. तेच इंटरल्यूकिन-६ यकृताकडून हेपसिडिन नावाचं संप्रेरक वाढवून घेतं. हेपसिडिन वाढलं की आतडं लोह आत घेत नाही आणि साठ्यातलं लोहही कुलूपबंद होतं. जंतूंना वाढायला लोह लागतं, तेव्हा चार दिवसांच्या तापात ही तजवीज शहाणपणाची आहे. वर्षानुवर्षं चालली की मात्र माणूस फिकट पडतो आणि तोंडावाटे घेतलेलं लोह वाया जातं. टीएनएफ आवरलं की पुष्कळांचं हिमोग्लोबिन आपोआप वर येतं. तरी फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तपासून घ्या. दुखण्याच्या गोळ्यांनी जठरातून थोडं थोडं रक्त जात असेल तर खरीखुरी लोहाची कमतरताही सोबत असू शकते.

आता टीबी. जंतू श्वासातून फुप्फुसात जातो, महाभक्षी पेशी त्याला गिळते, पण तो तिच्या आतच तग धरतो. मग टी पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) गॅमा इंटरफेरॉन हे सायटोकाइन सोडतात, त्यानं महाभक्षी पेशींचं बळ वाढतं, आणि टीएनएफच्या जोरावर त्या सगळ्या मिळून जंतूभोवती घट्ट गाठ बांधतात. तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. आत जंतू जिवंत, पण कोंडलेला. माणूस ठणठणीत, खोकला नाही, बऱ्याचदा एक्स-रेही स्वच्छ. देशात २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांत असा संसर्ग आढळला. त्यातल्या बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. पण टीएनएफ अडवलं की ती गाठ सैल होते आणि जंतू मोकळा सुटतो.

हे अनुभवानं कळलं, आणि त्याची किंमत पेशंटनी मोजली. टीएनएफ अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब अमेरिकेत १९९८ मध्ये बाजारात आलं. २००१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ते घेतल्यावर टीबी झालेल्या ७० जणांची नोंद छापून आली. निम्म्याहून जास्त लोकांत टीबी फुप्फुसाबाहेर होता, आणि बहुतेकांना पहिल्या दोन-तीन डोसांतच गाठलं होतं. तेव्हापासून आधी टीबी तपासल्याशिवाय हे औषध कुणी सुरू करत नाही. तुमची आई ज्या घरात वाढली त्या घरात टीबी होता, म्हणजे लहानपणीच जंतू आत जाऊन बसला असण्याची शक्यता खरी आहे.

इग्रा तर माझ्या आवडीची तपासणी. नळीच्या आत टीबीच्या जंतूची प्रथिनं लावलेली असतात. रक्त घेऊन ती नळी नीट हलवावी लागते, नाहीतर प्रथिनं रक्तात मिसळतच नाहीत. मग रात्रभर ३७ अंशांवर ठेवायची. टी पेशींना जंतूची ओळख असेल तर त्या गॅमा इंटरफेरॉन सोडतात आणि आपण ते मोजतो. म्हणजे एक सायटोकाइन अडवायचं की नाही हे आपण दुसऱ्या सायटोकाइनला विचारून ठरवतो. लहानपणी घेतलेल्या बीसीजीचा यावर परिणाम होत नाही, मॅन्टू या हातावर टोचून करायच्या चाचणीवर होऊ शकतो. इग्रा एवढंच सांगते की ओळख आहे. जंतू झोपलाय की जागा झालाय ते तिला कळत नाही, त्यासाठी एक्स-रे आणि डॉक्टरांची नजर लागते. आणि आई प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेत असेल तर लॅबला आवर्जून सांगा, टी पेशी मंदावल्या की निकाल अनिश्चित येऊ शकतो.

हे औषध ज्यांच्यामुळे आलं त्यांची नावं आपल्याकडं माहीत असायला हवीत. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी. मैनी जन्मानं लुधियानाचे. आमवाताच्या पेशंटच्या सांध्यातल्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवून त्यांनी टीएनएफ अडवलं, तर इंटरल्यूकिन-१ सुद्धा कमी झालं. इतकी सायटोकाइन असताना एकच अडवून काय होणार, अशी तेव्हा शंका होती. त्या प्रयोगातून दिसलं की टीएनएफ साखळीच्या वरच्या टोकाला आहे. १९९२ मध्ये चेअरिंग क्रॉस हॉस्पिटलात पहिल्या आमवाताच्या पेशंटना ते औषध दिलं गेलं. आपल्या देशात अडालिमुमॅबची इथं बनवलेली आवृत्ती २०१४ च्या डिसेंबरात आली, म्हणून आज निदान काही जणांना तरी ते परवडतं.

कोरोनाबद्दल थोडक्यात. तिथंही वेळेला महत्त्व होतं. २०२० च्या जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत दिसलं की सायटोकाइन दाबणाऱ्या डेक्सामेथासोन या स्टिरॉइडनं व्हेंटिलेटरवरच्या लोकांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र फायदा दिसला नाही. विषाणूशी लढाई चालू असताना सायटोकाइन दाबली तर शरीर उघडं पडतं.

हरिपूरकर

आमच्या घराण्याची हरिपुरात हळदीची पेवं (साठवणीचे जमिनीखालचे खड्डे) होती, त्यामुळं मामांचा जीव का तुटतो ते मला कळतं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. पण औषध म्हणून बोलायचं तर नीट बोलावं. हळदीत कर्क्युमिन असतं ते शंभर भागांत दोन ते पाच. काचेच्या भांड्यातल्या पेशींवर ते टीएनएफ कमी करतं, हे खरं. पोटात घेतल्यावर रक्तात मात्र फार थोडं पोचतं. मिऱ्यातल्या पिपरीननं ते वीसपट वाढतं असं १९९८ च्या बेंगळुरूच्या अभ्यासात आलं होतं, म्हणून कॅप्सूलवाले मिरी घालतात. तरी झिजणारं हाड त्यानं थांबतं असं म्हणायला आधार नाही. आमटीत, दुधात खुशाल घालावी. मनगट वाकडं होत असताना तिच्या भरवशावर थांबू नये. हळदीवर आमचं पोट चाललंय, म्हणूनच हे मी स्पष्ट सांगतो.

मेघना_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. इग्रा पॉझिटिव्ह आली, एक्स-रे स्वच्छ आहे. आजोबांचं सांगितल्यावर डॉक्टरांनी फुप्फुसाच्या डॉक्टरांकडंही पाठवलं. टीबीचा आजार नाही, पण सहा महिने आयसोनियाझिड रोज, सोबत बी-६ ची गोळी, आणि महिनाभरानं अडालिमुमॅब सुरू, असं ठरलंय. आई म्हणते, आजारच नाही तर सहा महिने गोळ्या कशाला. मी तिला त्या गाठीचं सांगितलं तेव्हा बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, 'अण्णांना (म्हणजे आजोबांना) त्या काळी ही गोळी मिळाली असती तर.' घेते म्हणालीये. काकू, आणखी काय सांभाळायचं?

निवृत्त_लॅब_मिरज

यकृत. मेथोट्रेक्सेट आणि आयसोनियाझिड दोन्ही यकृतावर भार टाकतात, तेव्हा डॉक्टर सांगतील त्या तारखांना लिव्हरची तपासणी चुकवू नका. सुरुवातीचे महिने जास्त जपायचे. भूक मेली, मळमळ सुरू झाली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळट दिसले, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा. हातापायाला मुंग्या आल्या तरी सांगा, बी-६ त्यासाठीच दिलंय. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. गोळ्यांच्या डब्यावर वार लिहून ठेवा. कर्क्युमिनच्या कॅप्सूल या सहा महिन्यांत अजिबात नकोत. मिरी घातलेल्या जादा ताकदीच्या कॅप्सूलनं यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत, आणि तपासणीत यकृताची एन्झाइम वाढली तर कशानं वाढली ते शोधणं अवघड होऊन बसतं. मामांना माझा नमस्कार सांगून हे वाचून दाखवा. आणि इंजेक्शन सुरू झाल्यावर जिवंत जंतूंची लस घ्यायची नसते, तेव्हा फ्लू आणि न्यूमोनियाच्या निष्क्रिय लसी कधी घ्यायच्या हे महिना आहे तोवर डॉक्टरांना विचारून घ्या.