आपला बँड सगळ्यांचा झाला तेव्हा... तुमचे अनुभव सांगा

जिवापाड जपलेला एखादा हार्ड रॉक बँड अचानक सगळ्यांना आवडेल असा अल्बम काढतो. गाणी आखूड होतात, ध्रुवपद पहिल्याच ऐकण्यात ओठांवर बसतं, आणि ज्यांना हे संगीत म्हणजे नुसता गोंगाट वाटायचा तेही ते गुणगुणायला लागतात. तेव्हा तुम्हाला काय वाटलं? अल्बम चांगला की वाईट, हा वाद नकोय. तुमचं काय झालं ते लिहा.

सुरुवात मी करतो. मेटॅलिका, १९९१. त्याआधीचा १९८८चा अल्बम मी अक्षरशः पाठ केला होता. ९ गाणी, ६५ मिनिटं, शीर्षकगीत जवळजवळ १० मिनिटांचं. लय कुठे बदलते ते आम्ही मित्र बोटांवर मोजायचो. बेस गिटार जेमतेम ऐकू यायची, पण तो कोरडेपणाही आम्हाला आपलाच वाटायचा. मग काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम आला. निर्माता बॉब रॉक. साधारण तेवढ्याच वेळात १२ गाणी. पहिल्या दिवशी मी अर्ध्यातच कॅसेट बंद केली. रागापेक्षा पोरकेपणा जास्त होता.

मत बदललं ते वाजवताना. आम्ही त्यातलं ‘सॅड बट ट्रू’ बसवायला घेतलं. गिटारी एक पूर्ण स्वर खाली लावल्या, रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची सुरावट, हाताला सोपी, लय संथ. तरी महिनाभर जमेना. वेगात चुका झाकल्या जातात. इथे ड्रम आणि गिटार केसभर मागेपुढे झाले तरी सगळं कोसळायचं. बॉब रॉकने त्यांना स्टुडिओत एकत्र वाजवायला का लावलं असेल, ते तेव्हा कळलं. कमी सूर म्हणजे कमी मेहनत, हा माझा समज आमच्या सरावाच्या खोलीतच गेला.

*

मी तर वरच्या मेटॅलिकाच्या त्याच अल्बमच्या दारातून या संगीतात आलो. ‘नथिंग एल्स मॅटर्स’. सुरुवातीचे चार सूर मोकळ्या तारांचे, डाव्या हाताला कामच नाही. मेटॅलिकाचा गायक-गिटारवादक हेटफिल्ड याला ती सुरावट सुचली तेव्हा त्याच्या दुसऱ्या हातात फोन होता म्हणे. गिटार घेतल्याच्या पहिल्या संध्याकाळी मी तेवढे चार सूर वाजवले आणि झोपेपर्यंत तेच वाजवत राहिलो.

मला भिडतं ते वेगळंच. हे गाणं त्याने स्वतःपुरतं केलं होतं, बँडसाठी नव्हतंच. त्यातला गिटारचा सोलोही त्यानेच वाजवलेला. ज्याला लोक बाजारासाठी केलेलं म्हणतात, ते त्या अल्बममधलं सगळ्यात खासगी गाणं आहे.

*

मी ड्रम वाजवते. माझा अल्बम डेफ लेपर्डचा ‘हिस्टीरिया’, ऑगस्ट १९८७. ‘फार गुळगुळीत’ हा शेरा मी आयुष्यभर ऐकलाय. निर्माता मट लँगला हार्ड रॉकमध्ये मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’सारखा अल्बम हवा होता, म्हणजे प्रत्येक गाणं सिंगल म्हणून, सुटंही खपेल असा. मोठ्या अँप्लिफायरऐवजी रॉकमन नावाची छोटी पेटी वापरून गिटारींचे थरावर थर चढवले. हे सगळं खरं आहे.

पण त्या ड्रम किटमागे बसलेल्या रिक अ‍ॅलनचा डावा हात ३१ डिसेंबर १९८४च्या मोटार अपघातात गेला होता. डाव्या हाताचे आघात त्याने पायाखालच्या इलेक्ट्रॉनिक पेडलांवर नेले, आणि बँड त्याच्यासाठी थांबला.

माझं मनगट मोडून तीन महिने प्लास्टरमध्ये होतं, तेव्हा मी दुसऱ्या हाताने आणि दोन पायांनी हाच अल्बम वाजवला. आधी चिडचिड, मग रडू, मग हळूहळू ठेका. त्या गुळगुळीतपणाखाली केवढी जिद्द आहे ते माझ्या पायांना माहीत आहे.

*

माझा अनुभव उलटा आहे आणि तोही इथे असावा. बँडचं नाव सांगत नाही. पंधरा वर्षं ऐकलेला गायक नव्या अल्बमवर पालिश केलेल्या आवाजात गात होता. श्वास घेतल्याचे आवाजसुद्धा पुसलेले. त्याची फाटणारी वरची पट्टी हेच माझं त्या बँडशी नातं होतं. धाग्याच्या सुरुवातीला ‘पोरकेपणा’ हा शब्द आलाय, तो बरोबर आहे. माझा अजून गेलेला नाही. मी जुनेच अल्बम ऐकतो.

*

व्हॅन हेलन, १९८४. ‘जंप’. गिटारच्या देवाने, एडी व्हॅन हेलनने, सिंथेसायझर पुढे आणला म्हणून माझ्या भावाने ते ऐकणं सोडलं. मी तेव्हा पियानो शिकत होते, आणि हे संगीत माझं नाही असं मानून चालले होते, कारण त्यात माझ्या वाद्याला जागाच दिसत नव्हती. एडी स्वतः लहानपणी पियानोच शिकला होता, हे नंतर वाचलं. ओबरहाइम सिंथेसायझरचे ते पहिले रुंद स्वर ऐकले आणि मी खोलीच्या मधोमध उभी राहिले.

त्याच आठवड्यात भावाच्या मित्रांच्या सरावाला गेले. ते गिटारी लावत होते. कीबोर्डची वायर कुठे जोडायची, एवढंच मी विचारलं.