घर बांधायला अख्खी जागा भुईसपाट करायची कशाला?

खालचं_शिवार
आमचं गाव जावळी तालुक्यात, कास ओलांडून बामणोलीकडे जाताना. आमच्या शेताच्या वरची ३० गुंठे जागा गेल्या वर्षी विकली गेली. किंजळ, जांभूळ, हिरडा, खाली करवंदाच्या जाळ्या आणि कारवी. घेणाऱ्याला तिथे बाराशे चौरस फुटांचं घर बांधायचंय. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे घराखाली जाणार सव्वा गुंठ्याच्या आत. वाळू-खडी उतरवायला आणि गाडी वळवायला जागा धरली तरी चार गुंठे पुष्कळ झाले. मे महिन्यात जेसीबी आला आणि दोन दिवसांत ३० च्या ३० गुंठे बोडके केले.

जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला त्या सकाळी मी तरवा, म्हणजे लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपं, बघायला गेलो, तर हिरवं काही दिसेचना. वीतभर तांबडा गाळ. हात घालून रोपं चाचपली, ती खाली आडवी झाली होती. झऱ्याचं पाणी आठवडाभर चहाच्या रंगाचं येत होतं. भाताचं बी दुसऱ्यांदा टाकावं लागलं.

घर जरूर बांधा. पण घरापुरतीच जागा मोकळी करा, बाकीच्या रानाला हात लावू नका, आणि पावसाच्या तोंडावर तर मुळीच नको. पटतं का सांगा.

परतलेला_गडी
दादा, तुमच्या तरव्याचं वाईट वाटलं. तरीही मी त्या मालकाच्या बाजूने बोलणार. मी पाटणकडे घर बांधलं आणि जागा पूर्ण साफ केली. घरात दोन लहान पोरं आहेत. पहिल्याच आठवड्यात पायरीखाली फुरसं निघालं, विषारी साप. जाळी दाराला टेकलेली असती तर रात्री पोरांना अंगणात सोडलं असतं का? शिवाय आमच्याकडे जेसीबी ट्रेलरवर चढवून आणावा लागतो. एकदा आणला की सगळं काम उरकून घ्यायचं. दर वेळी ते भाडं कुठून भरायचं? आणि वादळात झाड कौलांवर पडलं तर भरपाई शेजारी देणार नाही.

खालचं_शिवार
पोरांचं अगदी खरं आहे. घराभोवती १५-२० फूट जाळी काढून टाका, पालापाचोळा आणि दगडांचे ढीग ठेवू नका, घराकडे कललेलं झाड परवानगी घेऊन काढा. माझी काहीच हरकत नाही. पण फुरशासाठी शंभर फुटांवरचा हिरडा कशाला पाडायचा?

चौथरा_ते_स्लॅब
वीस वर्षं याच पट्ट्यात बांधकामं करतोय, म्हणून बोलतो. मालक म्हणतात झाड पाडा. पाडतात, वरून मुरूम ओढतात आणि बुंधा तसाच खाली गाडतात. चार-पाच पावसाळ्यांत तो कुजतो, वाळवी लागते, वरचा भराव बसतो आणि फरशीला भेग जाते. मग दोष गवंड्याला. चौथऱ्याखालचा बुंधा मुळासकट काढलाच पाहिजे, खड्डा थराथराने, धुम्मस मारून म्हणजे माती ठोकून घट्ट करत, भरला पाहिजे. उलट उतारावरचे बुंधे उपटू नका. मुळं माती धरून राहतात, आणि जांभूळ-ऐनाला पुन्हा धुमारे फुटतात.

दुसरं, उतार उभा कापून सपाटी केली की वरच्या मातीचा पायाच जातो. तिथे संरक्षक भिंत आणि पाणी बाहेर काढणारा चर घराच्या आधी हवा. लोक भिंत शेवटी बांधतात, तोवर पैसे संपलेले असतात.

परतलेला_गडी
म्हणजे दरडीची भीती. २०२१ च्या जुलैत आमच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. ती गावं जुनी होती, तिथे कुणी बंगल्यासाठी रान साफ केलं नव्हतं. डोंगर ढगफुटीसारख्या पावसाने खचतो. प्रत्येक दरडीचं खापर झाड तोडणाऱ्यावर फोडू नका.

चौथरा_ते_स्लॅब
त्या गावांवर मी खापर फोडतच नाही. तिथली माणसं गेली, त्यांच्यावर काय बोलायचं. मी एवढंच म्हणतो, झाडं असतानाही जो डोंगर इतका पाऊस पेलू शकत नाही, त्याचा पायथा आपण स्वतःहून कापू नये.

मेढ्याची_लेक
तुम्ही दोघंही ज्यांच्याकडे ३० गुंठे आहेत त्यांचं बोलताय. माझ्या भावाची सगळी जागा मिळून दीड गुंठा, त्यात एक आंबा आणि एक हिरडा. दोन्ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत, त्यामुळे स्वतःच्या मालकीची असली तरी परवानगी लागते. सात महिने हेलपाटे घातले. दरवेळी नवीन कागद. तोवर आई ताडपत्रीखाली झोपत होती, आणि समोरच्या डोंगरावर मोठमोठ्या जागा उजाड होताना आम्ही बघत होतो. नियम गरिबाच्या दोन झाडांपाशी येऊनच कसा अडतो? रान राखायला सांगणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

खालचं_शिवार
ताई, तुमचा राग रास्त आहे. ज्याची सगळी जागाच घराएवढी, त्याने झाड काढल्यावाचून बांधायचं कुठे? त्याला परवानगी महिन्याभरात मिळाली पाहिजे. माझं भांडण ३० गुंठेवाल्याशी आहे. त्याला निवड होती.

परतलेला_गडी
जेसीबीच्या भाड्याचं माझं म्हणणं मी सोडत नाही, आमच्यासारख्यांना तो खर्च मोठा असतो. पण खालच्या शेतात गाळ जातो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याही खाली एकाचं नाचणीचं शेत आहे. कुंपणाच्या खालच्या अंगाला दहा फुटांचा पट्टा मोकळा पडलाय, तिथे आता काय लावू?

खालचं_शिवार
यंदा काही खणू नका. येईल ते गवत येऊ द्या, कापू नका, आणि त्याच्या वरच्या अंगाला उताराला आडवा दगडांचा बांध घाला. पुढच्या जूनला जांभळाची रोपं माझ्याकडून घेऊन जा, पडीक जागेत आपोआप उगवलेली भरपूर आहेत.