वाणाच्या पिशव्या: पिशवी की पोतं?

खजिनदार:
नमस्कार मंडळी,
संक्रांतीला वाण लुटायला पुण्याच्या बचत गटाकडून मागवलेल्या 200 खणाच्या पिशव्या काल इथे जर्मनीत पोचल्या. पिशव्या झकास आहेत, बिलाने मात्र डोळ्यांत पाणी आणलं. माल 1200 युरोचा, भाडं 180. त्यावर 7.2 टक्क्यांनी 99.36 ड्यूटी, आणि या सगळ्यावर 19 टक्के आयात व्हॅट, 281.08. मागच्या खेपेला अशाच पिशव्यांना 3.7 टक्के लागले होते. कागदावर कस्टमचा कोड (माल कुठल्या वर्गातला ते सांगणारा आकडा) 6305 20 आहे. कुरिअरवाल्याला विचारलं तर म्हणाला, तुमच्याच इनव्हॉइसवर 'कॉटन बॅग्ज' लिहिलंय. काका, तुमचं आयुष्य हॅम्बुर्ग बंदरात गेलं, जरा बघता का?

काका, हॅम्बुर्ग:
ताई, तो म्हणतो ते अगदीच खोटं नाही. 6305 म्हणजे पोत्यांचं घर: गोण्या, धान्याची पोती, माल बांधून पाठवायच्या थैल्या. त्यात 6305 20 सुती. 'कॉटन बॅग्ज' एवढंच वाचून त्याने तुमचा खण पोत्यांत कोंबला.

हातात किंवा खांद्यावर घेऊन फिरायच्या पिशव्या 4202 मध्ये जातात. हे कलम कस्टमच्या दरसूचीच्या प्रकरण 42 मध्ये, चामड्याच्या वस्तूंच्या शेजारी आहे, म्हणून लोक चुकतात. कापडाची पिशवी कापडाच्या प्रकरणांत शोधत बसतात. पण कापडाच्या विभागाची पहिलीच टीप सांगते की 4202 मधल्या वस्तू आमच्याकडे नाहीत. म्हणजे कापड कसलं हे नंतर, आधी पिशवी कशासाठी शिवली ते बघायचं. आपल्या आजीला हे माहीत होतं. पोतं, पिशवी, बटवा यांना ती कधी एका नावाने हाक मारत नसे.

फोटोत अस्तर, चेन आणि खांद्याचा पट्टा दिसतोय. माझ्या मते ही हँडबॅग: 4202 22 90, दर 3.7. ड्यूटी 51.06 झाली असती, व्हॅट 271.90. एकूण 57.48 युरो जादा गेले. नुसती दोन बंदांची बाजाराची पिशवी असती तर 4202 92 98, म्हणजे 2.7 टक्केच.

परताव्याचा अर्ज करा. ड्यूटी कळवल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. अर्जाला फोटो आणि बचत गटाचं दुरुस्त इनव्हॉइस जोडा.

एक सभासद, म्युनिक:
काका, पुढच्या वर्षी बाहेरून प्लास्टिकचं लॅमिनेशन करून घेऊया का? इथल्या पावसात खण टिकत नाही. आणि इनव्हॉइसवर 'हस्तकला' लिहिलं तर सूट मिळते ना? शिवाय न्यू जर्सीच्या माझ्या बहिणीलाही याच पिशव्या हव्यात.

काका, हॅम्बुर्ग:
लॅमिनेशन करा, पण खर्च धरून करा. युरोपात बाहेरून डोळ्यांना दिसणारा थर बघतात. तो प्लास्टिकचा झाला की हँडबॅगचा दर 3.7 वरून 9.7. प्लास्टिक लावायचंच तर आतून लावा, अस्तराखाली.

'हस्तकला' लिहून दर कमी होत नाही, उलट अधिकाऱ्याला पुन्हा विचारावं लागतं हे नक्की काय आहे. 'स्त्रियांची खांद्यावरची हँडबॅग, बाहेरून विणलेलं सुती कापड, आत अस्तर, चेन' असं सरळ लिहायला सांगा. भारतातून निघताना घातलेले पहिले सहा आकडे इथेही तेच असतात, म्हणून तिथेच 4202 22 लिहून घ्या. बाकीचे आकडे इथले.

बहिणीला सांग, तिकडे धागाही बघतात. सुती हँडबॅगचा मूळ दर 6.3, कृत्रिम धाग्याच्या हँडबॅगचा 17.6, आणि वरचे जादा कर लागू असतील तर ते वेगळे. हल्ली खण पॉलिस्टरचाही येतो, तेव्हा आधी दुकानात विचारून घ्यावं.

खजिनदार:
अर्ज आज टाकते. काका, तिळगुळासाठी नाडीच्या पातळ सुती थैल्याही मागवायच्या आहेत. त्या बटवा की पोतं?

काका, हॅम्बुर्ग:
इथे माझाही हात आखडतो. तिळगूळ खाऊन फेकायची पातळ थैली असेल तर ती पॅकिंगची, म्हणजे 6305 कडेच झुकते. अस्तर-गोंडे लावून जपून ठेवण्याजोगी केली तर बटवा म्हणून 4202 मागता येईल. अंदाजावर जाऊ नका. जर्मन कस्टमकडून बंधनकारक वर्गीकरण लेखी घ्या, तीन वर्षं चालतं. नमुना मात्र पाठवावा लागेल, आणि तोही तिळगुळाशिवाय.