गेटजवळची सातवीण

सेक्रेटरी: गेटजवळच्या सातविणीच्या (सप्तपर्णीच्या) पानांवर फोड आलेत, फोटो टाकलाय. रविवारी फवारणीवाल्याला बोलावतोय. दोघांनी झाडच काढा असं सुचवलंय. मत कळवा.

ए-३०२: काढाच. दिवाळीत त्या फुलांच्या वासाने आमच्याकडे खिडकी उघडता येत नाही. आईला दमा आहे.

सी-१०१: दादा, फवारणी नको. ते फोड म्हणजे एका बारीक किडीची घरं आहेत. कोवळ्या पानावर ती अंडी घालते, पिल्लू रस शोषू लागलं की पानच त्याच्याभोवती फुगून गाठ होते. पिल्लू आत, औषध बाहेर. पोचणार कसं? उलट खाली मुलं खेळतात, पडेल ते त्यांच्या अंगावर. रस्त्याकडेच्या कितीतरी सातविणींना अशा गाठी असतात. नुसत्या गाठींनी मोठं झाड मरत नाही.

बी-२०४: मग शेंडे का वाळले, काकू? माझ्या बाल्कनीतून वरच्या फांद्या उघड्याबोडक्या दिसतात.

सी-१०१: शेंडा वाळला की मुळांकडे बघायचं गं. मागच्या वर्षी पेव्हर ब्लॉक अगदी खोडाला भिडवून बसवले, खाली सिमेंट. पाणी मुरत नाही, मुळांना हवा नाही. अशा दमलेल्या झाडाला कीड जास्त जाचते. तेव्हा मीटिंगमध्ये मी बोलायला हवं होतं, गप्प बसले. दिल्लीतल्या झाडांसाठी हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाच्या कोर्टाने, २०१३ मध्येच खोडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. आपणही तेवढं आळं करू.

सेक्रेटरी: एका स्कूटरची जागा जाईल.

सी-१०१: जाऊ दे. माझी स्कूटर मागे लावते.

ए-३०२: आणि आईचं काय?

सी-१०१: तुमचा त्रास खरा आहे. तुमच्या खिडकीसमोरच्या फांद्यांच्या छाटणीसाठी पालिकेकडे अर्ज करू, मी येते सोबत. झाड तोडायचं तर महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडं जपण्याच्या कायद्याने परवानगी लागतेच, परस्पर हात लावता येत नाही.

ए-३०२: छाटणी होणार असेल तर चालेल.

सेक्रेटरी: ठीक. फवारणी रद्द. रविवारी सकाळी सातला ब्लॉक काढू. पावसाच्या आत व्हायला हवं.

सी-१०१: मुळं दिसली की पहार थांबवा, पुढची माती हाताने. हाताला लागतील तेवढी गाठींची पानं तोडून पिशवीत भरू, जाळायची नाहीत. पान तोडलं की पांढरा चीक येतो, डोळ्यांत जाऊ देऊ नका. पहार माझ्याकडे आहे. घमेलं कोणाकडे आहे?

बी-२०४: माझ्याकडे आहे, आणते.